निविदेतला टक्का कोणाच्या घरातून जातो?

तालुक्याच्या गावी नवे प्रशासकीय संकुल होणार, अशी बातमी आली की चार-आठ दिवस वस्तीत त्याचीच चर्चा असते. तहसील कचेरी, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, उपकोषागार, कृषी अधिकारी अशी गावभर विखुरलेली कार्यालये एका आवारात येणार. जातीच्या दाखल्यासाठी एका टोकाला आणि सातबाऱ्यासाठी दुसऱ्या टोकाला पायपीट करणाऱ्यांना ही सोयीचीच गोष्ट आहे. पण ज्या घरात स्थापत्य शाखेचा डिप्लोमा झालेला मुलगा किंवा मुलगी नोकरीची वाट पाहत बसली आहे, त्या घरात या बातमीचा अर्थ वेगळा असतो. कोट्यवधी रुपयांचे काम आपल्या गावात येणार, तर त्यातला एखादा तुकडा आपल्या वाट्याला का येऊ नये, असा प्रश्न तेथे विचारला जातो. हा प्रश्न अगदी रास्त आहे.

असे तरुण आम्हाला भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "किती टक्के बिलो भरू?" म्हणजे सरकारी अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी दराने काम करायला तयार व्हावे. आमच्या मते हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. तो आधी विचारला गेला की निविदा ही लिलावाची बोली होऊन बसते. अशी बोली जिंकून घरदार हरल्याची उदाहरणे आपल्या समाजात थोडीथोडकी नाहीत. म्हणून आज या पानावर सरकारी इमारतीच्या कामाचा दर कसा बनतो आणि त्यात कोणाकोणाचे पोट असते, ते आम्ही सविस्तर सांगणार आहोत. यात रुपये-पैशांचा हिशेब आहे. माता-भगिनींनी तो आपला विषय नाही म्हणून पान उलटू नये. बयाण्याची रक्कम भरताना कपाटातील दागिने बाहेर निघतात ते त्यांचेच.

प्रथम काम कागदावर कसे येते ते पाहू. संकुल बांधायचे ठरले की सार्वजनिक बांधकाम विभाग ढोबळ खर्च काढतो आणि त्याला प्रशासकीय मान्यता मिळते. मग नकाशे होतात, पायापासून रंगापर्यंत प्रत्येक बाबीचे परिमाण काढले जाते आणि त्याला दरसूचीतील दर लावून तपशीलवार अंदाजपत्रक तयार होते. त्याला तांत्रिक मंजुरी मिळाली की निविदा निघते. दरसूची म्हणजे सरकारने ठरवून छापलेले प्रत्येक बाबीचे दर. पूर्वी महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी दरसूची असे, पुढे संपूर्ण राज्याची एक झाली. केंद्राच्या बांधकाम खात्याची दरसूची दिल्लीच्या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे निविदांचे मुख्य तीन नमुने आहेत. 'बी-१' नमुन्यात दर सरकारनेच लिहिलेले असतात. कंत्राटदाराने फक्त एकूण रकमेवर इतके टक्के वर किंवा इतके टक्के खाली एवढेच भरायचे. 'बी-२' मध्ये प्रत्येक बाबीचा दर कंत्राटदाराने स्वतः लिहायचा असतो. 'सी' नमुन्यात सगळे काम मिळून एकच ठोक रक्कम असते. नवशिक्याची 'बी-१' मध्ये फसगत होते, कारण तेथे एकच आकडा टाकायचा असल्यामुळे काम सोपे वाटते. वास्तविक त्या एका आकड्याच्या पोटात शे-दीडशे बाबी दडलेल्या असतात. 'बी-२' मध्ये काही जुने जाणते कंत्राटदार वेगळीच युक्ती करतात. खोदाई, पाया अशा सुरुवातीच्या बाबींना ते चढे दर लावतात आणि शेवटच्या फरशी-रंगाला पडते. म्हणजे पैसा आधी हातात येतो. पण अशा कामात शेवटचा टप्पा रखडतो, कारण तेथे दर परवडत नाही. अर्धवट रंगवलेल्या सरकारी इमारती पाहून आपण फक्त सरकारला दोष देतो!

आता एक दर उघडून पाहू. उदाहरणादाखल विटांच्या भिंतीचा एक घनमीटर घेऊ. पुढील भाव समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा करावा. परिमाणे मात्र खरी आहेत.

एक घनमीटर भिंतीला ठरावीक मापाच्या सुमारे ५०० विटा लागतात. वीट ८ रुपयांना धरली तर ४,००० रुपये, आणि फूटतूट शेकडा ५ धरून ४,२०० रुपये. एकास सहा प्रमाणाच्या मसाल्याला सव्वा पोते सिमेंट लागते, ते ३६० च्या भावाने ४५० रुपये. वाळू पाव घनमीटरहून थोडी अधिक, म्हणजे ब्रासचा जवळजवळ दहावा हिस्सा लागते, तिचे ४७५ रुपये धरू. (ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहेच.) एवढ्या कामाला साधारण एका गवंड्याचा आणि दोन मदतनिसांचा एक दिवस जातो. गवंड्याचे ९०० आणि मदतनिसांचे ६०० प्रमाणे १,२०० मिळून मजुरी झाली २,१००. परांची, पाणी मारणे आणि अवजारांची झीज यांचे १५० धरू. बेरीज आली ७,३७५ रुपये. यावर कंत्राटदाराचा व्यवस्था खर्च आणि नफा मिळून शेकडा १५ धरण्याची केंद्रीय बांधकाम खात्याची पद्धत आहे. ते झाले सुमारे १,१०५. म्हणजे दर आला ८,४८० रुपये, वस्तू व सेवा कर वेगळा.

या दरावर २० टक्के खाली निविदा भरली असे समजा. हातात येणार ६,७८४ रुपये. खर्च आहे ७,३७५. प्रत्येक घनमीटरला ५९१ रुपयांचा खड्डा पडला. तेरा टक्के खाली गेल्याबरोबरच नफा आणि व्यवस्था खर्च दोन्ही संपलेले होते. उरलेले सात टक्के दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढायचे आहेत. संकुलात ४०० घनमीटर वीटकाम असेल तर या एका बाबीत २ लाख ३६ हजार रुपये कोठून आणायचे?

वीटभट्टीवाला २० टक्के कमी घेत नाही. वाळूवाला तर नाहीच नाही. मग काय होते ते कोणत्याही कामावर जाऊन पाहावे. दोन मदतनिसांच्या हातावर सहाशेऐवजी साडेचारशे टेकवले जातात. ३०० रुपये सुटले. मसाल्यात सव्वा पोत्याऐवजी पाऊण पोते सिमेंट पडते; १८० रुपये सुटले. परांची मोडकी वापरायची आणि भिंतीला सात दिवसांऐवजी दोन दिवस पाणी मारायचे. १०० रुपये सुटले. एवढे सगळे पाप केल्यावर ५८० रुपये जमतात. अकरा रुपये तरीही कमीच पडतात!

त्या दोन मदतनिसांपैकी एक बहुधा बाई असते. घमेले वाहण्याचे काम तिचेच. सरकारी दरात मदतनिसाची मजुरी पुरुषासाठी एक आणि बाईसाठी कमी अशी धरलेली नसते. समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ सालीच झाला. तरीही नाक्यावरून तिला उचलताना शंभर-दीडशे कमी सांगितले जातात आणि ती फरकाची रक्कम कंत्राटदाराच्या हिशेबात मुकाट्याने 'बिलो' भरून काढते. निविदा उघडली त्या दिवशी ती बाई तेथे नव्हती. तिने कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. पण त्या टक्क्याचा पहिला वाटा तिनेच भरला. आपल्या समाजातील कंत्राटदाराने तरी हे करू नये, अशी आमची अपेक्षा आहे. ती भाबडी आहे असे कोणी म्हणाले तरी हरकत नाही.

दर भरणाऱ्याने येथे बाबासाहेबांच्या मजूर मंत्रिपदाचा काळ जरूर आठवावा. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे सर्वांना माहीत आहे. त्याच खात्याच्या अखत्यारीत केंद्रीय बांधकाम खाते होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणजे निविदा, कंत्राटदारांच्या याद्या आणि बांधकामावरील मजूर या तिन्ही गोष्टी त्यांच्या टेबलावर येत होत्या. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्या आणि शिक्षण यांच्याबरोबर सरकारी कंत्राटांतील वाट्याचीही मागणी होती. बांधकाम खात्याच्या मान्यताप्राप्त कंत्राटदारांच्या यादीत आपली माणसे जवळजवळ दिसतच नाहीत, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. आणि याच काळाच्या शेवटी, एप्रिल १९४६ मध्ये, किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. कंत्राटदार आपला असावा आणि मजुराला पूर्ण दाम मिळावा या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नव्हत्या.

त्या मागणीला आता आठ दशके उलटून गेली आहेत. भोपाळच्या जानेवारी २००२ च्या परिषदेनंतर मध्य प्रदेशात सरकारी खरेदीतील वाट्याचा प्रयोग झाला. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के ठेवले गेले, पण ते वस्तू आणि सेवा यांच्यासाठी. बांधकामाच्या कंत्राटांना ते लागू होत नाही. कर्नाटकाने मात्र २०१६ च्या दुरुस्तीने ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामे राखून ठेवली, आणि २०२३ मध्ये ती मर्यादा १ कोटीपर्यंत वाढवली. आपल्याकडे २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संस्था उभी राहिली. तिचे संस्थापक मिलिंद कांबळे बांधकामाच्याच व्यवसायातून आलेले आहेत. महाराष्ट्रात छोट्या कामांचा ठरावीक हिस्सा मजूर सहकारी संस्थांना आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना देण्याची पद्धत आहे. आपल्या तरुणांना आज जे दार खरोखर उघडे आहे ते हेच. पण त्यातून आत जायचे तर संकुलाचे काम कसे वाटले जाते ते पाहावे लागते.

संकुल म्हणजे एकटी इमारत नव्हे. आवारभिंत, फाटक, आतले रस्ते, गटारे, पाण्याची टाकी, वाहनतळ, पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था, वीजजोडणी, फर्निचर, बागकाम असे बरेच काही त्यात असते. हे सगळे एकाच निविदेत कोंबले की ती कोट्यवधींची होते आणि पहिल्याच अटीला लहान माणूस बाहेर पडतो. केंद्रीय बांधकाम खात्याची सर्वसाधारण अट अशी की गेल्या सात वर्षांत अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ६० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक तरी तत्सम काम पूर्ण केलेले असावे. १० कोटींच्या निविदेसाठी ४ कोटींची तीन कामे कोणाच्या गाठीशी आहेत? मान्यता टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडणे नियमबाह्य आहे आणि ते असावेही. पण आवारभिंत किंवा बागकाम ही स्वतंत्र स्वरूपाची कामे वेगळी काढली तर त्यात कोणताही नियम मोडत नाही. मजूर संस्थांनी आणि आपल्या संघटनांनी ही मागणी प्रशासकीय मान्यतेच्या वेळीच लेखी करावी. निविदा प्रसिद्ध झाल्यावर मोर्चा काढून काहीही होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक अट निविदा क्षमतेची. मागील पाच वर्षांत ज्या एका वर्षी सर्वाधिक काम केले त्याची रक्कम, गुणिले नव्या कामाची वर्षांतील मुदत, गुणिले दोन, आणि त्यातून हातात असलेली कामे वजा. उत्तम वर्ष ६० लाखांचे, मुदत एक वर्षाची, हातात ४० लाखांचे काम, तर क्षमता ८० लाखांची. हातातली कामे लपवून क्षमता फुगवणारे असतात. ते उघडकीस आले की नाव काळ्या यादीत जाते आणि मग बारा वर्षांची मेहनत वाया!

आता मोठ्यांचे पाहा. दिल्लीतील नव्या संसद भवनाच्या निविदा सप्टेंबर २०२० मध्ये उघडल्या तेव्हा केंद्रीय बांधकाम खात्याचा अंदाज ९४० कोटींचा होता. टाटा प्रोजेक्ट्सने ८६१.९० कोटी भरले, लार्सन अँड टुब्रोने ८६५ कोटी. काम टाटांना मिळाले. वाचकांनी हिशेब करावा. एवढ्या चुरशीच्या कामात जिंकणारा सव्वाआठ टक्के खाली होता आणि दुसऱ्याचे अंतर अवघे ३ कोटी १० लाखांचे होते. दोघांनीही दर उघडून पाहिलेला होता, म्हणून आकडे इतके जवळ आले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये या कामाचा खर्च बाराशे कोटींच्या पलीकडे जात असल्याच्या बातम्या आल्या. मोठ्यांना वाढीव काम मिळते आणि त्यासाठी भांडायला वकीलही असतात. आपल्या तालुक्यात आवारभिंतीच्या २० लाखांच्या कामाला मात्र पंचवीस-तीस टक्के खाली दर पडतात. ज्यांच्याकडे यंत्रे, भांडवल आणि सिमेंट घाऊक भावाने आहे ते आठ टक्क्यांवर थांबतात, आणि ज्याच्याकडे उसनवारीचा मिक्सर आहे तो तीसवर जातो. हे धाडस नव्हे. बहुधा त्याने हिशेबच केलेला नसतो. पुष्कळदा शेजारच्या कंत्राटदाराला काम मिळू नये एवढाच हेतू असतो.

महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेपेक्षा खाली दर भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतली जाते. म्हणजे जितके खाली जाल तितके जास्त पैसे आधी अडकवावे लागतात. ही पद्धत चांगली की वाईट यावर मतभेद आहेत. बेफाम दरांना तिने थोडा आळा बसतो हे खरे, पण पैसेवाला ती ठेव सहज भरतो आणि गरीब शेकडा दोनच्या व्याजाने आणतो, हेही तितकेच खरे.

दर भरण्यापूर्वी जागा पाहावी. हे वाक्य प्रत्येक निविदेत छापलेले असते आणि बहुतेक जण न पाहताच सही करतात. जागेवर एकट्याने जाऊ नये. एखादा अनुभवी गवंडी बरोबर न्यावा, त्याला अभियंत्याइतकेच कळते, काही बाबतींत अधिक. जमीन काळी असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. अंदाजपत्रकात दीड मीटर खोली धरली आणि प्रत्यक्षात मुरूम तीन मीटरला लागला, तर खोदाई, काँक्रीट, भरणी सगळे वाढते. वाढलेले परिमाण ठरावीक मर्यादेपर्यंत, 'बी-१' च्या ३८ व्या कलमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत, निविदेच्याच दराने करून द्यावे लागते. खाली भरलेला असेल तर तेही त्याच तोट्याच्या दराने. मागील बाजूची विहीर, शेजारच्या घराचा पाया, कूपनलिका कोणी खणली असेल तर किती फुटांवर खडक लागला, एवढी चौकशी चहाच्या टपरीवरही होते.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. खडी कोणत्या खाणीतून, वाळू किंवा कच कोठून, ते अंतर किती, हे अंदाजपत्रकात धरलेले असते. ती खाण बंद असेल तर २० किलोमीटरऐवजी ५० किलोमीटरवरून खडी येते. गौण खनिजाच्या स्वामित्वधनाची पावती नसेल तर ती रक्कम देयकातून कापून घेतली जाते. स्वस्तात मिळालेली बिनपावतीची वाळू शेवटी महागच पडते. पाणी टँकरने आणावे लागणार असेल तर तो खर्च वेगळा धरावा. मराठवाड्यात मार्च ते जून काम असेल तर ही बाब विसरून चालणारच नाही.

करांचेही तसेच. सरकारी बांधकामांवरील वस्तू व सेवा कर १८ जुलै २०२२ पासून १२ चा १८ टक्के झाला. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ वर आला. काम चालू असताना कर बदलला तर फरक कोणाचा, हे आपल्या करारनाम्यात काय लिहिले आहे त्यावर ठरते. ते कलम वाचून, न कळल्यास निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावे. लेखी प्रश्नाचे उत्तर सर्वांना मिळते आणि ते निविदेचा भाग होते. साहेबांनी तोंडी दिलेल्या आश्वासनाला पुढे काही अर्थ राहत नाही, मग साहेब कितीही सज्जन असोत. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला एक टक्का उपकरही हिशेबात धरावा. तो कापला जातोच, तर आपल्या मजुरांची मंडळाकडे नोंदणीही करून घ्यावी. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत हे त्यांचे हक्काचे लाभ नोंदणीअभावी बुडतात.

आता घरातला हिशेब. बयाणा, सुरक्षा ठेव आणि पहिले देयक मिळेपर्यंतचा खर्च हे तिन्ही मिळून कामाच्या रकमेचा मोठा हिस्सा आपल्या खिशातून जातो. सरकारी देयक वेळेवर येईल असे धरून चालू नये. थकलेल्या देयकांसाठी २०२५ साली राज्यातील कंत्राटदारांना आंदोलने करावी लागली, हे सर्वांनी वाचले आहे. शेकडा दोन व्याजाने आणलेले २० लाख सहा महिने अडकले तर २ लाख ४० हजार नुसत्या व्याजात जातात. वर सांगितलेल्या दरात या व्याजाला कोठेही वेगळी जागा नाही. ते त्या पंधरा टक्क्यांतूनच जाते. म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, टक्का ठरवण्याच्या आदल्या रात्री वही घेऊन आई-वडिलांसमोर, पत्नीसमोर बसा. पैसे कोठून आणणार, किती महिने अडकणार, देयक आलेच नाही तर घर कशावर चालणार, हे मोठ्याने वाचून दाखवा. जे घरात सांगता येत नाही तो दर भरू नये. आणि जो दर परवडत नाही तो न भरण्यात कसलाही कमीपणा नाही. निविदा दर आठवड्याला निघतात.

रिंग हा प्रकारही ठाऊक असावा. चार-पाच कंत्राटदार आपसांत ठरवून एकालाच काम मिळेल असे दर भरतात, आणि नव्या माणसाला पाकिटाची लालूच किंवा धमकी देऊन बाजूला बसवतात. स्पर्धा कायदा, २००२ प्रमाणे हे बेकायदा आहे. निविदा संगणकावरून भरल्या जाऊ लागल्यापासून कचेरीच्या दारात लिफाफा हिसकावण्याचे प्रकार कमी झाले ही चांगली गोष्ट झाली. मात्र संगणकीय सहीची किल्ली आणि तिचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हातात देऊन ठेवणारे आपले काही बांधव आहेत. नाव आपल्या मुलाचे, सही आपल्या मुलाची, आणि काम करणारा भलताच. तोटा झाला, मजूर पडून दगावला, तर नोटीस मात्र नाव असणाऱ्याच्या घरी येते. मजूर संस्थांच्या बाबतीतही तेच. सभासद मजूर कागदावर आणि कंत्राट दुसऱ्याच्या खिशात, अशा संस्थांनी या सवलतीचे नाव खराब केले आहे.

काम मिळालेच तर कार्यारंभ आदेशाच्या तारखेपासून मुदत मोजली जाते. जागा ताब्यात मिळायला उशीर झाला, झाडे तोडण्याची परवानगी अडकली, नकाशा बदलला, तर त्याच आठवड्यात पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. नाहीतर उशिराचा दंड आपल्या माथी बसतो. मोजमापे पुस्तिकेत लिहिली जातात तेव्हा स्वतः हजर राहावे; झाकले जाणारे काम, म्हणजे पाया, लोखंड, भरणी, माती टाकण्यापूर्वीच मोजून घ्यावे. गाडल्या गेलेल्या सळईचे वजन नंतर कोणी मान्य करत नाही. वाढीव बाब तोंडी सांगितली तर हात लावण्यापूर्वी लेखी आदेश मागावा. अभियंते रागावतात, पण देतात.

काम संपल्यावरही दोषदायित्वाचा काळ असतो. त्या मुदतीत गळती, भेगा, फरशी उचकटणे असे काही झाले तर ते आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यावे लागते. सुरक्षा ठेवीचा उरलेला भाग त्यानंतरच सुटतो. ठेव सोडवण्याचा अर्ज तारीख लिहून ठेवून आपणच करावा. खाते आठवण करून देत नाही. त्याच वेळी काम समाधानकारक पूर्ण केल्याचा दाखला कार्यकारी अभियंत्याच्या सहीने मागून घ्यावा. त्यात कामाची रक्कम, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख स्पष्ट लिहिलेली असावी. त्याच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. पुढच्या निविदेच्या पहिल्या लिफाफ्यात तो लागतो.